एकदाच जायचंय: स्वालबार्ड की अंटार्क्टिका?

वेंधळी_वाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, आता ध्रुवीय प्रदेशातली एक्स्पिडिशन क्रूझ करायचीच असं ठरलंय. एकदाच. दुसऱ्यांदा जमणार नाही, तेव्हा निवड चुकली तर जन्मभर घरात ऐकून घ्यावं लागेल.

जाणार आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई (वय ६९, गुडघे कुरकुरतात, हौस आमच्या दोघांची मिळून होईल त्याहून जास्त). नवऱ्याला पांढरं अस्वल पाहायचंय, म्हणून त्याचं मत स्वालबार्डला (नॉर्वेच्या उत्तरेची आर्क्टिकमधली बेटं). मला पेंग्विन हवेत. सासूबाईंचं म्हणणं, "जिथे प्राणी खरंच दिसतील तिथे चला, बर्फ काय, फ्रीजमध्येही असतो."

माहितीपत्रकांत तर प्रत्येक अस्वल कॅमेऱ्याकडे बघून पोज देतंय. प्रत्यक्षात किती आणि किती जवळून दिसतात? कोणता महिना? आणि दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला तो खवळलेला समुद्र, ड्रेक पॅसेज, ते प्रकरण कितपत गंभीर आहे? गूगलची यादी नको, स्वतः जाऊन आलेल्यांचं ऐकायचंय.

रिकामटेकडा
पहिला! आता वाचतो.

नाना_हिमालेख
अंटार्क्टिक द्वीपकल्पावर दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा नोव्हेंबरच्या अखेरीस, नंतर सहा वर्षांनी फेब्रुवारीत.

माहितीपत्रक जे सांगत नाही ते आधी सांगतो: वास. कुव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. रबरी बोट किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर असतानाच नाकात जातो, पार्का (थंडीचं जाड जॅकेट) घरी आणून धुतला तरी कॉलरमधून येत राहतो. क्रिल (कोळंबीसारखे बारके समुद्री जीव) खाऊन खाऊन त्यांची विष्ठा गुलाबी होते, बर्फावर लांबून रांगोळी सांडल्यासारखी दिसते. जवळ गेलात की रांगोळी विसरता.

पण प्राणी दिसतात का, हा प्रश्न तिथे पडतच नाही. नियम असा की पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विनांना तो नियम कुणी सांगितलेला नाही. ते बर्फात चालून चालून खोल वाटा करतात आणि त्या वाटेवर पहिला मान त्यांचा. मी अशाच एका वाटेच्या कडेला थांबलो होतो. एक जेंटू चोचीत खडा धरून आला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वळसा घालून घरट्यापाशी गेला. बायकोपुढे मान लववून खडा ठेवला. तो पुढचा आणायला वळतो न वळतो तोच शेजाऱ्याने तोच खडा लांबवला. वीस मिनिटांत तो खडा तीन घरं फिरला. मी एकही फोटो काढला नाही, लक्षातच आलं नाही.

एक बदल: पूर्वी लोक बर्फात बसून, आडवे पडून फोटो काढायचे. बर्ड फ्लू आल्यापासून ते बंद. बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. सासूबाई उभ्या किती वेळ राहू शकतात ते बघून ठेवा.

रिकामटेकडा
पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच फोटोत हवे असतील तर कुठे जावं?

नाना_हिमालेख
प्राणिसंग्रहालयात. तिथेही दोन पिंजऱ्यांच्या मधे उभं राहून.

उत्तरायण
नानांचं बरोबर आहे, पण उत्तरेची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

स्वालबार्डला जुलैत नऊ दिवस होतो. अस्वलं दिसली तीन. पहिलं म्हणजे गाईडने दुर्बिणीत दाखवलेला पिवळट ठिपका. हो, पिवळट. खऱ्या बर्फापुढे अस्वल पांढरं दिसत नाही, सायीच्या रंगाचं दिसतं आणि त्यावरूनच ते शोधतात. तो ठिपका आम्ही पाऊण तास बघत होतो. मग ठिपका उठला, अंग झाडलं, पाण्यात उतरला आणि पोहत पलीकडच्या बर्फावर चढला. जहाजाच्या पुढच्या डेकवर शंभरेक माणसं आणि एक शब्द नाही.

१ जानेवारी २०२५ पासून तिथला नियम कडक झालाय. अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. तेव्हा वेंधळीताई, नवऱ्याला सांगा, माहितीपत्रकातलं अस्वल विसरा आणि चांगली दुर्बीण घ्या. लँडिंगच्या आधी गाईड बंदुका घेऊन उतरतात आणि आजूबाजूच्या टेकड्या तपासतात. आमचं एक लँडिंग त्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर चौथ्या मिनिटाला रद्द केलं. टेकडीमागे अस्वल झोपलं होतं. ते आम्हाला दिसलंच नाही, म्हणून तीनात धरलेलं नाही.

पण उत्तर म्हणजे नुसती अस्वलं नव्हेत. वॉलरसांच्या ढिगावरून वारा आपल्याकडे आला तर नानांचे पेंग्विन अत्तर वाटतील. आणि आल्केफ्येलेट! समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे कडे, आणि प्रत्येक बोटभर खाचेत गिलमॉट पक्षी. हजारो हजार. त्यांचं पिल्लू धड उडता येत नसतानाच कड्यावरून खाली उडी टाकतं, बाप खाली पाण्यात हाका मारत असतो. चुकून जमिनीवर पडलं तर कोल्हा वाट बघत बसलेलाच असतो.

मीठपाणी
उत्तरायण, आर्क्टिक टर्नला विसरलात. घरट्याजवळून गेलं की थेट डोक्यावर चोच मारतात. काठी डोक्याच्या वर धरायची, ते सगळ्यात उंच भागावर हल्ला करतात. आमच्या गटात काठी कुणाकडेच नव्हती. सगळे हळूहळू एका साडेसहा फुटी डच माणसाच्या आसपास जमले. त्याला कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

रिकामटेकडा
खिक्क! सासूबाईंसाठी उंच माणूस बघून ठेवा.

स्पष्टवक्ता
सगळे उत्साहात आहेत, थोडं विरजण घालतो. तिथे जायलाच का हवं? काही वर्षांपूर्वी एका अभ्यासात हिशोब निघाला होता की अंटार्क्टिकाला जाणारा एकेक पर्यटक आपल्यामागे सरासरी ८३ टन बर्फ लवकर वितळायला कारणीभूत ठरतो. जहाजांच्या धुराची काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो आणि जास्त ऊन शोषतो. एका मोसमात लाखाच्या वर माणसं जातात. करा गुणाकार. स्वालबार्डला २०१८ साली क्रूझच्या गाईडवर अस्वलाने हल्ला केला आणि त्या अस्वलाला गोळी घातली गेली. पाहुणे आपण, मेलं ते.

नाना_हिमालेख
स्पष्टवक्ते, ८३ टनांचा आकडा मीही वाचलाय आणि तो मला खुपतो. खोटं बोलणार नाही. पण पूर्ण चित्र बघा. तिथे जड इंधन तेल २०११ पासून बंद आहे. सहल कंपन्यांनी १९९१ साली स्थापन केलेली आयएटो ही संघटना आहे, तिचे नियम अंटार्क्टिक कराराच्या चौकटीत बसवलेत. एका ठिकाणी एका वेळी शंभराच्या वर प्रवासी उतरवायचे नाहीत. आणि देवमाशांच्या भागात जहाजाचा वेग कमी ठेवायचा. बुटांचे तळवे, बॅगेचे कप्पे, वेल्क्रोमध्ये अडकलेलं गवताचं बी, सगळं व्हॅक्यूमने साफ करून घेतात. माझ्या पार्काच्या खिशातून गाईडने चिमट्याने एक कुसळ काढलं आणि मला असं दाखवलं जणू मी तस्करी करत होतो.

स्पष्टवक्ता
नियम चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण "आम्ही परत येऊन ध्रुवांचे राजदूत होतो" असं जे प्रत्येक जहाजावर सांगतात ना, ते पटत नाही. परत आल्यावर लोक पुढची सहल बुक करतात.

उत्तरायण
+१. राजदूत वगैरे काही नाही, मला जायचं होतं म्हणून गेलो. एवढं मान्य केलं की वाद बराच सोपा होतो.

डळमळे
ड्रेकबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. आयडी उगाच नाही घेतलेला.

अर्जेंटिनातलं उशुआइया बंदर सोडलं की बीगल चॅनलमध्ये पाणी सपाट असतं. लोक डेकवर हसतखेळत असतात. जेवणाच्या सुमारास जहाज बाहेर पडतं आणि मग साधारण दोन दिवस ड्रेक. त्या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला अडवायला जमीन नाही, त्यामुळे लाटांना जोर चढतच जातो. नशीब असेल तर तळ्यासारखा शांत मिळतो. जाताना आम्हाला नव्हता. कॉरिडॉरच्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, क्रूला हवामानाचा अंदाज मिळालाय.

आता माझा पराक्रम. कानामागे लावायची औषधाची पट्टी मिळते. ती लावली आणि हात न धुता डोळा चोळला. अर्ध्या तासाने आरशात बघतो तर डावी बाहुली बशीएवढी, उजवी नेहमीची. समोरचं सगळं धूसर. बायको म्हणाली मेंदूत काहीतरी झालं. धरत, आपटत जहाजाच्या डॉक्टरकडे पोचलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "पट्टी लावल्यावर हात धुतलेत?" दोन दिवस मी एका डोळ्याने अ‍ॅल्बट्रॉस बघितले. तरी सांगतो, बघण्यासारखे होते. साडेतीन मीटरपर्यंत पंखांचा विस्तार आणि तासन् तास एकदाही पंख हलवत नाहीत.

काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती पट्टी चालत नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, डुलणं कमी. बाल्कनीवाली वरची केबिन फोटोत छान दिसते, पोटाला नाही.

मीठपाणी
चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरायचं आणि तिथून जहाज, असाही प्रकार आहे. ड्रेक दोन तासांत वरून पार. पण धुकं असेल तर विमान सुटत नाही, एकदोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून आभाळ बघायची तयारी हवी.

दक्षिणदिंडी
उत्तर-दक्षिण वादात खरी जागा राहूनच गेली. दक्षिण अटलांटिकमधलं बेट, साउथ जॉर्जिया.

सेंट अँड्र्यूज बे. किंग पेंग्विनांच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या. वाचून काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. टेकाड चढून वर गेलो आणि समोरची दरी हलत होती. दगडगोटे वाटले ते पेंग्विन, गवत वाटलं तेही पेंग्विन. मधे तपकिरी लोकर पांघरलेली पिल्लं, आईबापांपेक्षा जाड. किनाऱ्यावर एलिफंट सील बसच्या धडकेनंतर पडलेल्या पोत्यांसारखे. फर सीलचे नर मात्र झोपलेले नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्या हद्दीत शिरलात तर अंगावर धावून येतात. पळायचं नाही, उभं राहून टाळ्या वाजवायच्या. सांगणं सोपं आहे.

ग्रुटव्हिकनला देवमासे मारायचा जुना कारखाना गंजत उभा आहे आणि पलीकडे ध्रुवीय मोहिमांवाल्या शॅकल्टनची कबर. याच बेटावर उंदरांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन उच्छाद मांडला होता. हेलिकॉप्टरमधून विष टाकून सगळे संपवले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आता किनाऱ्यावर इवलासा पिपिट पक्षी गाताना ऐकू येतो.

तोटे: सहल तीन आठवड्यांच्या घरात जाते, समुद्रातले दिवस जास्त, आणि बर्ड फ्लू २०२३ मध्ये तिथे पोचल्यापासून काही जागा अधूनमधून बंद ठेवतात.

डळमळे
समुद्रातले दिवस जास्त?? मी धागा सोडतोय.

कॅमेराकाकू
फोटोवाल्यांसाठी थोडक्यात. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, थंडीत भराभर उतरतात. बाहेरून केबिनमध्ये येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. ड्रोन नेऊच नका, प्रवाशांना उडवू देत नाहीत.

हंपबॅक देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो मात्र जरूर काढा. काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या, बोटांच्या ठशांसारख्या. हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर तो टाकला की जुन्या फोटोंशी जुळवून बघतात. माझ्या देवमाशाची ईमेल सात महिन्यांनी आली: हाच प्राणी आधी कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ नोंदवलेला आहे. पिल्लं द्यायला तिकडे जायचं, खायला इकडे यायचं. मी ती ईमेल छापून ठेवली आहे. घरच्यांना वाटतं जरा जास्तच होतंय.

स्पष्टवक्ता
काकू, हे आवडलं. असं काही करणार असाल तर मी माझे ८३ टन जरा मवाळपणे मांडीन.

वेंधळी_वाट
बाप रे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. नवऱ्याने ३०० मीटरवाला भाग दोनदा वाचला आणि जरा गप्प झालाय.

एक विचारायचं राहिलं. आम्हाला अंटार्क्टिकाचं एक कोटेशन आलंय, बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी. मोठं जहाज, दोन हजार प्रवासी, त्यामुळे डुलणं कमी असं एजंट म्हणाला. सासूबाईंच्या दृष्टीने बरं ना? त्यात "चार दिवस अंटार्क्टिका दर्शन" असं लिहिलंय.

नाना_हिमालेख
थांबा! पैसे भरले नाहीत ना?

उत्तरायण
"दर्शन" हा शब्द नीट वाचा.

नाना_हिमालेख
पाचशेच्या वर प्रवासी असलेलं जहाज तिथे एकालाही उतरवू शकत नाही. चार दिवस तुम्ही डेकवरून हिमनग आणि डोंगर बघणार. देवमासे दिसतील, पेंग्विन दिसले तर पाण्यात उड्या मारणारे काळे ठिपके. वाईट सहल नाही ती, पण तुम्ही जी सहल मनात धरून धागा काढलात ती ही नव्हे. आणि दोनशे ते पाचशेच्या जहाजांतही पाळ्या लागतात, कारण किनाऱ्यावर एका वेळी शंभरच. दोनशेच्या आतलं घेतलंत तर सकाळी एक, दुपारी एक असं बाहेर पडणं निवांत होतं: अर्धे किनाऱ्यावर, अर्धे रबरी बोटीतून फेरी मारतायत, मग अदलाबदल.

उत्तर की दक्षिण यापेक्षा जहाज केवढं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. आम्हीच सांगायला हवं होतं, नसत्या गप्पांत राहिलं.

मीठपाणी
एजंटला सरळ विचारा: एकूण प्रवासी किती, लँडिंग आहे का, वैद्यकीय सुटकेचा विमा किती रकमेचा बंधनकारक आहे. तिसऱ्या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्याकडून घेऊ नका.

दक्षिणदिंडी
आणि महिना. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ, पेंग्विनांची लगीनघाई. डिसेंबरअखेर ते जानेवारी अंडी फुटतात, पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण किनारे चिखल-विष्ठेने राड झालेले आणि बरेचसे पेंग्विन पिसं बदलत उशी फाटल्यासारखे उभे. कुठलाही महिना घ्या, कार्यक्रमपत्रिका शिलालेख समजू नका. आमच्या जहाजाने लमेअर चॅनलच्या तोंडाशी जाऊन बर्फ बघितला आणि मुकाट मागे वळलं. वैतागलो होतो. त्याऐवजी जिथे नेलं तिथे हिमनगाच्या तुकड्यावर लेपर्ड सील जांभई देत पडला होता. बोटीचं इंजिन बंद केलं. आजूबाजूच्या बर्फातून जुनी हवा सुटते त्याचा तडतड आवाज येत होता, आणि मधेच त्या सीलचा श्वास.

पायरी_चुकली
वाचनमात्र असते, पण गुडघ्यांचं वाचून राहवलं नाही. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि मी ७१ व्या वर्षी जाऊन आले. जहाजावरून बोटीत उतरायला उताराचा जिना असतो, खाली खलाशी मनगटाच्या वर कोपरापाशी धरतात आणि आपणही त्यांना तसंच धरायचं. हात हातात देत नाहीत, ओला हातमोजा निसटतो. बोटीच्या फुगीर कडेवर बसायचं आणि सरकत जायचं. किनाऱ्यावर पाय उचलून कडेपलीकडे टाकायचा, पाणी पोटरीभर. हा शेवटचा भाग अवघड. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलेच नाही, नुसती बोटीतून फेरी मारली. लेपर्ड सील मला त्याच दिवशी दिसला, उतरलेल्यांना नाही.

रिकामटेकडा
पायरीताई, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो. आमच्यासारखे लिहीत बसतात मग.

वेंधळी_वाट
ठरलं. मोठ्या जहाजाला नकार कळवला. एजंटला लँडिंगचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, खिडकीतून सगळं दिसतं." अंटार्क्टिक द्वीपकल्प, फेब्रुवारी, दोनशेच्या आतलं जहाज, खालची मधली केबिन. त्यासाठी अजून एक वर्ष पैसे साठवावे लागणार. नवऱ्याची समजूत देवमाशांवर काढली, त्याने हॅपीव्हेलवर आत्ताच खातं उघडलंय. अस्वल राहिलं ते राहिलंच.

सासूबाईंना पायरीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काल संध्याकाळी बघते तर सोफ्याच्या हातावर बसून पाय उचलून पलीकडे टाकायचा सराव चाललाय. उजवा जातो, डावा अडकतो.

पायरी_चुकली
डाव्याला उतावीळ करू नका, वर्ष आहे हातात. आणि त्यांना सांगा, सराव करताना पर्स हातात नको. दोन्ही हात मोकळे, सामान पाठीला.